ओर्लीन मेसर खडीवर पाय ठेवत नाही

गुरुवार, फेब्रुवारीची एकोणीस तारीख, सकाळचे नऊ वाजून बावन्न मिनिटं. ओर्लीन मेसर शकपेन ओढ्याच्या काठी एका ओल्या शिळेमागे गुडघ्यांवर बसली होती. उजव्या हातात सात फुटी काठी होती. डाव्या हाताच्या चिमटीत पिवळ्या पिसांची माशी होती, म्हणजे गळाच्या आकड्यावर पिसं गुंडाळून बनवलेली खोटी माशी. तिने माशी कानापर्यंत मागे ओढली, काठी धनुष्यासारखी वाकली, आणि तिने चिमूट सोडली. माशी फांद्यांच्या खालून सरळ गेली आणि डोहाच्या तोंडाशी पाण्यात बुडाली. काठी डोक्यावरून फिरवून गळ टाकायला तिथे जागा नव्हती. दोन्ही बाजूंनी ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं पाण्यावर ओणवलेली, आणि थंडीने त्यांची पानं विडीसारखी घट्ट गुंडाळलेली.

तिला त्या डोहातला एकच मासा हवा होता. रेनबो ट्राउटची मादी, अंदाजे अकरा इंची.

दहा दिवसांपूर्वी याच डोहाच्या खालच्या टोकाला तिला ताटाएवढी खडी घासून स्वच्छ झालेली दिसली होती. अंडी घालायची झाली की ट्राउटची मादी आडवी होऊन शेपटीने खडी उकरते. मागच्या गुरुवारी ओर्लीनने त्या जागेवरचा नर धरला. मादी मात्र शिळेच्या पोटात शिरली. तेव्हापासून ओर्लीन रोज वर येत होती, रविवारी प्रार्थनेनंतरसुद्धा. मादी दिसत होती, पण तोंड उघडत नव्हती. तिने अजून अंडी घातलेली नसतील, तर ती ओढ्याच्या या वरच्या भागातली शेवटची रेनबो होती आणि तेवीस हिवाळ्यांचं काम आज संपणार होतं. घातली असतील, तर ते संपलेलं नव्हतं.

ओर्लीन एकसष्ट वर्षांची आहे. स्मोकी डोंगरांच्या पूर्वेकडच्या या खोऱ्यात ती चौदा नंबरची शाळेची बस चालवते. सकाळी पाच पन्नासला बस काढायची, आठ दहाला मुलं शाळेच्या दारात उतरवायची, दुपारी अडीचला पुन्हा त्याच दारात उभं राहायचं. मधले सहा तास तिचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती टोमॅटोच्या वाफ्यांवर राबते आणि पाहुण्यांना लोणच्याच्या बरण्या देऊन वाटेला लावते. हिवाळा ओढ्याचा. लोकांना हे उलटं वाटतं, कारण मासेमारीचे शौकीन इथे एप्रिलमध्ये येतात, नवे कोरे बूट घालून. ओर्लीनचं म्हणणं असं की हिवाळ्यात पान गळलेलं असतं, पाणी काचेसारखं असतं, सापांची भीती नसते आणि शौकीन घरी असतात.

त्या पाण्याचे खरे मालक म्हणजे ब्रूक ट्राउट. त्यांना इथे कोणी त्या नावाने हाक मारत नाही. ते ठिपकेवाले. पाठीवर किड्यांनी कोरल्यासारखी नक्षी, कुशीवर निळ्या कड्यातले लाल ठिपके, पोटाखालच्या परांना पांढरी किनार. सहा-सात इंचांचा मासा म्हणजे थोर. ते ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत अंडी घालतात, आणि पिल्लं मार्च सरेपर्यंत खडीच्या पोटात असतात. म्हणून हॅलोवीनपासून मार्चच्या शेवटापर्यंत ओर्लीनचा पाय खडीवर पडत नाही. ती शिळांवरून जाते, मुळांना धरून जाते, आणि शिळा संपल्या की ओढा सोडून झुडपांखालून रांगत जाते. अर्धा मैल चढायला तिला दीड तास लागतो. सहा वर्षांपूर्वी ती एका शिळेवरून घसरली. पाय खाली खडीवर टेकला असता तर निभावलं असतं. तिने तो टेकवला नाही आणि मनगट मोडून घेतलं. सहा आठवडे बस दुसऱ्या ड्रायव्हरने चालवली. त्या सहा आठवड्यांत मुलं किती वेळा शाळेत उशिरा पोचली, ते ती आजही विचारल्याबरोबर सांगते: अकरा.

धबधब्याच्या वरच्या या पाण्यात रेनबो आले ते तिच्याच हातून.

तिच्या आजोबांच्या तरुणपणी लाकूड कंपनीने हे डोंगर बोडके केले. माती ओढ्यात आली, सावली गेली, मासे मेले. कंपनी निघून गेल्यावर इथल्या प्रत्येक घराने आपापला ओढा पुन्हा भरला. पलीकडच्या खोऱ्यातून, जिथे करवत पोचली नव्हती, तिथून ठिपकेवाले आणायचे. डुकराच्या चरबीच्या रिकाम्या डब्यात पाणी घालून, रात्रभर डोंगर चढून, वाटेत लागेल त्या झऱ्यावर पाणी बदलत. मेसरांच्या आजोबांनी एका खेपेत नऊ मासे आणले, त्यातले सात जगले, आणि ते त्यांनी धबधब्याच्या वर सोडले. या खोऱ्यात कोणाच्या आजोबांनी किती मासे आणले हे अजूनही लग्नाच्या बोलणीत निघतं.

ओर्लीन नऊ वर्षांची होती आणि तिचा भाऊ ड्युइट चौदा, तेव्हा पुलाजवळ मासे सोडणारा ट्रक आला. टाकीत वाढवलेले रेनबो, एकेक मासा ठिपकेवाल्याच्या दुप्पट. वडील तेव्हा गिरणीत पाठ दुखावून घरी पडले होते. मुलांनी तोच चरबीचा डबा काढला. सहा रेनबो पकडले, दोन ठिकाणी पाणी बदललं, धबधब्याच्या बाजूने दोघांनी मिळून डबा वर चढवला आणि सर्वांत चांगल्या डोहात ओतला. आजोबांनी केलं तेच आपण केलं, असं त्यांना वाटलं. त्यांना शाबासकी हवी होती. वडील चालायला लागल्यावर वर गेले, परत आले आणि जेवताना म्हणाले, "वरच्या डोहात पाहुणे आलेत. कोणी बोलावले ते मी विचारत नाही." मग त्यांनी मक्याची भाकरी मागितली. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

पाहुणे वाढले. रेनबोची पिल्लं धष्टपुष्ट, भुकेली. चांगल्या जागा त्यांनी बळकावल्या. तीस वर्षांत त्या डोहाच्या वर एकही ठिपकेवाला उरला नाही. राज्याच्या मत्स्यखात्याने दोनदा पाण्यात वीज सोडून रेनबो काढले, पण मोठ्या शिळांच्या पोटात वीज पोचत नाही. वडील गेले त्या हिवाळ्यात ओर्लीनने काठी उचलली. पहिल्या वर्षी तिने एकसष्ट रेनबो काढले. लहान-मोठे सगळे काढता यावेत म्हणून खात्याने तिला एक पत्र दिलं. ते ती सँडविचच्या पिशवीत घालून टोपीत ठेवते. मागच्या दोन हिवाळ्यांत मिळून तीन निघाले. आणि या नोव्हेंबरच्या चार तारखेला, ज्या डोहात डबा ओतला होता त्याच डोहाच्या टोकाला, तिला ठिपकेवाल्यांची एक जोडी खडी उकरताना दिसली. तिच्या आठवणीत त्या जागी पहिल्यांदा.

फेब्रुवारीत रेनबोने उकरलेली खडी होती ती त्याच ठिकाणी.

दहा वाजून वीस मिनिटांनी दोर थबकला. थंड पाण्यात मासा झडप घालत नाही. माशी त्याच्या नाकासमोरून गेली तर तो तोंड उघडतो, एवढंच. आणि वाहणारा दोर श्वासाएवढा वेळ थांबतो. ओर्लीनने मनगट उचललं. ठिपकेवाला निघाला, साडेपाच इंची. तिने हात आधी पाण्यात बुडवून गार केला, मासा पाण्याबाहेर न काढताच आकडा सोडवला, आणि तो गेला. मग तिने वीस मिनिटं काहीच केलं नाही. मांडीखाली गोणपाट घेऊन बसून राहिली. डोहात खळबळ झाली की मादी शिळेखाली जाते आणि पाणी शांत व्हायला तेवढा वेळ लागतो, हे ती याच आठवड्यात, तीन दिवस फुकट घालवून शिकली होती.

दहा त्रेचाळीसला तिने माशी बदलली. पिसं तीच, पिवळी. आजोबा सुतार पक्ष्याच्या पंखाची वापरत. ते आता कायद्याने बंद आहे, म्हणून ती कोंबड्याचं पीस कांद्याच्या सालीत रंगवते. फक्त या माशीच्या पोटात तारेचे दोन वेढे जास्त होते. ही माशी शिळेच्या तळाशी गेली, कडेला घासत आत शिरली, आणि दोर थांबला.

झटापट फार झाली नाही. फेब्रुवारीत माशाच्या अंगात तेवढं बळ नसतं. मादी दोनदा शिळेकडे वळली, दोनदा ओर्लीनने काठी आडवी करून तिला उजेडात आणलं, आणि ती जाळीत आली. अकरा इंचांना थोडी कमी. गुलाबी पट्टा अंगभर.

ओर्लीनने आधी शेपटी पाहिली. शेपटीची खालची कड झिजून पांढरी पडली होती. मग तिने अंगठा पोटावरून फिरवला. पोट सैल होतं, रिकाम्या मोज्यासारखं. दोन अंडी बाहेर आली, नारिंगी, वाटाण्याहून लहान. तिने लाकडाच्या तुकड्याने मासा एका घावात मारला, शिळेवर चाकूने उघडला आणि आत पाहिलं. आणखी पाच अंडी, चिकटून राहिलेली. बाकीची खडीत होती.

तिने खडीकडे पाहिलं. तीन फुटांवर होती. एक पाऊल टाकायचं, टाचेने पाच-सहा वेळा ढवळायचं, की प्रवाहाने सगळं वाहून नेलं असतं. ती अकरा वाजेपर्यंत शिळेवर उभी राहिली. मग मासा पिशवीत घातला आणि ज्या वाटेने आली त्याच वाटेने रांगत खाली गेली.

ड्युइटचं घर रस्त्याला लागून आहे. गिरणीतल्या चाळीस वर्षांनी त्याचे गुडघे गेले; तो आता स्वयंपाकघरातल्या खुर्चीतून पोस्टमनपासून गव्हर्नरपर्यंत सर्वांची कामं तपासतो. ओढ्यातून निघालेला प्रत्येक रेनबो त्याच्या ताटात जातो. "पाप मी केलं, भोगायलाही मीच," असं म्हणून तो मक्याच्या पिठात घोळवून तळलेला मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत संपवतो.

"आणलीस?" त्याने पिशवीकडे पाहत विचारलं.

"आणली."

"मग तोंड असं काय, पाद्र्याने वर्गणी मागितल्यासारखं?"

"रिकामी आहे. घालून झालीत."

ड्युइटने चमचा खाली ठेवला. चुलीवर घेवड्याचं कालवण रटरटत होतं. तो म्हणाला, "बरं. मग ढवळून आलीस ना?"

"नाही."

"नाही? अगं, तू तिथे होतीस ना? पायात बूट होते ना?"

"त्याच खडीत ठिपकेवाल्यांची पिल्लं आहेत."

"किती?"

"काय माहीत."

"आहेत हे तरी माहीत आहे?"

"चार नोव्हेंबरला जोडी होती. मी पाहिली."

"आणि ह्या बयेने उकरताना सगळी बाहेर फेकली नसतील कशावरून?"

"काही फेकली असतील. सगळी नाही. ठिपकेवाले खोल घालतात."

"तू आत डोकावून पाहिलंस वाटतं." ड्युइटने पाव मोडला. "ऐक माझं. तेवीस वर्षं तू गुडघे फोडून घेतलेस. हे बघ माझे, असे होतील. मूठभर वळवळणाऱ्या जिवांसाठी तू शंभर रेनबो जन्माला घालणार? परत जा आणि त्या खडीवर नाच. चर्चमध्ये नाचायची बंदी आहे, ओढ्यात नाही."

"तू खुर्चीत बसून नाच. मला फोन दे."

तिने मत्स्यखात्याच्या वेस अमन्सला फोन लावला. वेस तिशीतला आहे, सपाटीवरच्या गावाचा, आणि ओर्लीनशी बोलताना अजून सरळ उभा राहतो. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण ड्युइटला सगळं ऐकायचं होतं.

"मिस ओर्लीन, अंडी कधी घातली असतील?"

"बारा तारखेला मी नर काढला. म्हणजे तेव्हा किंवा त्याच्या आधी दोन-चार दिवसांत. पाणी तेव्हापासून चाळीस-एक्केचाळीस." इथे सगळे फॅरनहाइटमध्ये बोलतात.

कागदाची सळसळ ऐकू आली. "या पाण्यात रेनबोची अंडी फुटायला पन्नास-साठ दिवस. म्हणजे एप्रिलचा पहिला-दुसरा आठवडा. ठिपकेवाल्यांची पिल्लं खडीतून बाहेर येतात ती मार्चच्या शेवटी."

"म्हणजे मधे जागा आहे."

"कागदावर दहा-बारा दिवस आहेत, मॅडम. पिल्लं बाहेर पडल्यावर आणि रेनबो फुटायच्या आत खडी ढवळायची. पण मार्च गरम गेला तर दोन्ही तारखा अलीकडे सरकतात, आणि सारख्या सरकत नाहीत. आणि मधेच पाणी चढलं तर तुम्हाला आठवडाभर वर जाताच येणार नाही. खरं सांगू का? मी असतो तर आज ढवळलं असतं. धबधब्यापासून तुमच्या डोहापर्यंत, खालच्या टप्प्यात, ठिपकेवाल्यांची सतरा घरटी मोजलीत आपण."

"ऐकलंस?" ड्युइट म्हणाला. "शिकलेला माणूस आहे."

"खालच्या टप्प्यात सतरा," ओर्लीन म्हणाली. "वर किती?"

वेसने कागद उलटल्याचं ऐकू आलं. "एक."

"हां."

"मिस ओर्लीन, ते एकसुद्धा असेलच असं नाही."

"तेही खरं. पण तू ज्या दोन तारखा सांगितल्यास त्या मला पाळता येतात. आज ढवळलेली पिल्लं मला परत घालता येत नाहीत." तिने घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. "पाण्याचं तापमान रोज घेतलं तर तारीख सांगशील?"

"रोज? शनिवार-रविवारसुद्धा?"

"पाण्याला शनिवार-रविवार कळतो का?"

"नाही, मॅडम. सांगेन. रोजच्या आकड्यावरून दोन-तीन दिवसांपर्यंत नक्की सांगता येईल. आणि मार्चच्या चोवीसपासून संध्याकाळी खडीच्या कडेला, संथ पाण्यात बघत राहा. पिल्लं आधी तिथे येतील. दिसली की दोन दिवस थांबा, मग ढवळा."

फोन ठेवल्यावर ड्युइट खुर्चीला धरून उठला. त्याने मासा पिशवीतून काढला, नळाखाली धरला, आणि पोटातली उरलेली अंडी बोटाने काढून मांजरापुढे ठेवली. मांजराने वास घेतला आणि निघून गेलं.

"आणि एप्रिलमध्ये पूर आला तर?" त्याने पाठ न वळवता विचारलं.

"तर पुढच्या हिवाळ्यापासून पुन्हा."

"तू तेव्हा बासष्ट."

"मोजता येतं मला."

"मला नव्वद वर्षांपर्यंत रेनबो खायला लावणार ही बाई." तो वळला. "ढवळशील त्या दिवशी मी येणार. मला वर कसं न्यायचं ते तू बघ."

"डब्यात घालून."

ड्युइट हसला, खोकला, मग पुन्हा हसला. तिने दोन घास कालवण उभ्यानेच खाल्लं. ड्युइटच्या घरातली दिनदर्शिका बियाण्यांच्या दुकानाची आहे. तिच्यावर तिने मार्च चोवीस ते एप्रिल पाच अशी पेन्सिलची रेघ ओढली, आणि खाली पावसाचा अंदाज रोज लिहायचं काम भावाला सांगितलं. त्याने शाळेतल्या मुलासारखं "हो मॅडम" म्हटलं. मग तिने ओले बूट दाराशी पालथे ठेवले, बसचे बूट घातले आणि गाडी काढली. दोन अठ्ठावीसला चौदा नंबरची बस शाळेच्या दारात उभी होती. वळणावर एका मुलीने विचारलं, "मिस ओर्लीन, आज मिळाला का?" ओर्लीन म्हणाली, "मिळाली. खाली बस."

ती काम अर्धवट टाकून आली असं गावात कोणी म्हणेल. तिने ते काम पाच आठवडे लांबवलं, एवढंच. आणि लांबवण्यासाठी सगळ्यांत अवघड गोष्ट केली. तीन फुटांवर उत्तर होतं, पायात बूट होते, आणि तिने पाय उचलला नाही.

उद्या शुक्रवार. पाच पन्नासला बस निघेल. काठी गाडीच्या मागे बांधलेलीच राहील, कारण वरच्या पाण्यात तिच्या माहितीप्रमाणे आता धरण्यासारखं काही उरलेलं नाही. दहा वाजता ओर्लीन त्या डोहाच्या शिळेवरून थर्मामीटर पाण्यात सोडेल, तीन मिनिटं थांबेल, आणि दुपारच्या फेरीआधी, एक वाजता, आकडा वेसला फोनवर सांगेल.